कागदाच्या मधोमध

पलंग करायचा हे पोरांनी परस्पर ठरवलं, लाकूड निवडलं, ते नीट वाळलंय का हे ठोकून बघितलं, आणि आईला सांगितलं कधी, तर रविवारी दुपारी सगळ्यांची जेवणं उरकून ती ओटा पुसत होती तेव्हा. म्हणजे पळून जायला वाटच ठेवली नाही.

"चाळीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला," थोरला म्हणाला. "आणि पलंग करणाऱ्यांच्या घरात आईबाबांनाच धड पलंग नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक काय माझ्या खोलीत येऊन बघतात?"

"मी बघतो ना!"

थोरल्याला सगळं दिसायचं. फळीतली गाठ दिसायची, चौकटीतला सुताएवढा फरक दिसायचा, गिऱ्हाईक दारातून आत येताना कुठल्या पायावर लंगडतंय ते दिसायचं. फक्त माणसं गप्प झालेली दिसायची नाहीत. गप्प माणूस म्हणजे खूश माणूस, असा त्याचा साधासरळ हिशेब होता.

"उद्या सकाळी लाकूड कापायला घेतो. आज फक्त माप. तुझ्याच खोलीत कागद घालतोय," तो म्हणाला आणि शीळ घालत गेलासुद्धा.

आईच्या हातातलं फडकं ओट्यावर एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं.

या घरात पलंगाचं माप टेपने घेत नसत. टेपने कोणीही घेईल. बाबांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत वेगळी होती आणि तिच्यावरच तीन पिढ्या कारखाना चालला होता. पलंगाएवढा खाकी कागद सतरंजीवर पसरायचा. नवराबायकोपैकी एकाने त्यावर डोळे मिटून पडायचं, चांगली पंधरा मिनिटं, आणि दुसऱ्याने तोवर बाहेर थांबायचं. अंग सैल पडलं की माप घेणाऱ्याने पेन्सिलीने भोवती रेघ ओढायची. बाईची तांबडी, पुरुषाची निळी. मग दुसऱ्याने डोळे मिटूनच आत यायचं, हात धरून आणलेलं, आणि त्याच कागदावर आडवं व्हायचं. खांदा कुठे टेकतो, कंबरेचा भार कुठे येतो ते बघून खालच्या पट्ट्या तिथे जवळजवळ बसवायच्या. असा पलंग तीस वर्षं कुरकुरत नाही.

पण त्या कागदावर आणखीही पुष्कळ उमटायचं. हजारभर जोडप्यांचे कागद बाबांनी वाचले होते. कोण कोणाची जागा खातं, कोण रुसून भिंतीकडे सरकतं, कोणाच्या मधे पोर असतं. "जागेपणी माणूस नाटक करेल हो, झोपेत कुठलं करणार?" असं ते रंधा मारता मारता म्हणायचे. आणि एक गोष्ट तर त्यांनी थोरल्याला आणि सुनेला अगदी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. एकट्या माणसाचं माप कागदाच्या मधोमध पडतं.

बाबा एकोणीस वर्षं रोज कारखान्याच्या माळ्यावर झोपत होते. पोरांना वाटायचं, अधूनमधून झोपतात. का, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबा घोरतात! थोरला त्यांच्या घोरण्याची नक्कल करायचा, पाहुणे हसायचे, बाबाही हसायचे, आई "चहा टाकते" म्हणून उठायची. विनोद इतक्या वेळा झाला होता की त्याच्या खाली काय आहे हे कोणी उचलून बघितलंच नव्हतं.

आणि आता पलंग येणार. सहा फूट रुंद. मग बाबांना खाली यावंच लागेल, लाजेकाजेखातर. ते कडेला, काठीसारखे, श्वाससुद्धा जपून घेत पडतील. आणि ती छताकडे बघत बसेल, पूर्वीसारखी. एकटं झोपणं आईला आता जमत होतं. खिडकी हवी तेवढी उघडी, रेडिओ हवा तेवढा हळू. दोघांत एकटं झोपणं मात्र तिला कधीच जमलं नव्हतं.

"अगं ये की!" बैठकीतून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पोस्टातून निवृत्त होऊन इथेच राहायला आली होती, पण बोलायची अजून ठप्पा मारल्यासारखी. "नव्या नवरीसारखी काय लाजतेस? या वयात कोण बघणारे तुला?"

"आले, वन्सं."

आईने मनाशी ठरवून टाकलं. उजव्या कडेला पडायचं. अंग चोरून. डोळे मिटायचे पण जागं राहायचं. पंधरा मिनिटं तर आहेत! त्यापेक्षा जास्त वेळ तिने आयुष्यात कितीतरी वेळा झोपेचं सोंग घेतलं होतं.

खोलीत सून एकटीच होती, कानामागे दोन पेन्सिली खोचून. गेली दोन वर्षं माप तीच घ्यायची. तिची रेघ सगळ्यांत स्वच्छ.

"उशी हवी, आई?"

"नको."

ती ठरवल्याप्रमाणे उजव्या कडेला पडली. कागद गालाला गार लागला. खिडकीतून ऊन पायावर येत होतं. सकाळी पाचपासून ती उभी होती, आठ माणसांचा स्वयंपाक, आत्याची वेगळी कमी तिखटाची भाजी, परगावाहून आलेल्या धाकटीचे कपडे. जागं राहायचं, ती स्वतःला म्हणाली. जागं राहा गं बाई.

*

सुनेने घड्याळ बघितलं तेव्हा बारा मिनिटं झाली होती, आणि आई कागदावर कुठच्या कुठे गेल्या होत्या.

आधी एक सुस्कारा. मग गुडघा बाहेर आला. मग अख्खं शरीर सावकाश कुशीवर वळलं आणि थेट मधोमध येऊन पसरलं. एक हात डोक्यावर, दुसरा लांब उघडा, तळवा वर. वाळत टाकलेल्या चादरीसारख्या निवांत.

सून गुडघ्यांवर बसून बघतच राहिली. असे कागद तिने पाहिले होते. बदलीवरून परतलेल्या माणसांचे. नवरा वारल्यावर लहान पलंग करायला आलेल्या बायकांचे. असं झोपायला एका महिन्याची सवय पुरत नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणजे हे "जास्त घोरले की बाबा माळ्यावर झोपतात" वगैरे नव्हतं. हे रोजचं होतं.

तिने रेघ ओढायला घेतली. उघड्या तळव्यापाशी आली तेव्हा तिला उगाच रडू आलं. स्वतःच्या लग्नातला कागद तिला आठवला. तो बाबांनीच घेतला होता. दोघांच्या रेघांत चार बोटांचं अंतर आणि एका जागी तर निळी-तांबडी एकमेकींत घुसलेली. बाबांनी हसून तो गुंडाळून दिला होता. आज घेतला तर? थोरला पाठ फिरवून झोपतो आणि दोन मिनिटांत गाढ. "काय झालं?" असं विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, दमलोय." दमणं खरंच असतं. पण रोज?

"आई," तिने हळूच हाक मारली. "आई, उठा."

आईंनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते बघितलं, रेघ बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"झोपले मी?"

"हो."

"मधे?"

सुनेने मान हलवली. "मी पुसते ना, आई. कोणाला कळणार नाही. रेघ हातभर उजवीकडे सरकवते."

"खाकी कागदावरून पेन्सिल पुसली जाते का गं?" आई म्हणाल्या. डाग राहतो, हे दोघींनाही माहीत होतं. दारावर थाप पडली.

"झालं का? बाबांना पाठवतोय!" थोरल्याचा उत्साह दाराच्या फटीतूनसुद्धा आत येत होता.

आई उठल्या, केस सारखे केले आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेल्या. बाबा आत आले, डोळे मिटून, नियमाप्रमाणे. सुनेने त्यांचा हात धरला. अडुसष्ट वर्षांचा, रंध्याने घट्टे पडलेला, थंडगार हात. कागदाच्या कडेपाशी तिने त्यांना थांबवलं.

"इथे बसा, बाबा. मग डावीकडे—"

तिने 'डावीकडे' म्हणायला नको होतं. माप घेणारा कधी बाजू सांगत नाही, ही पहिली शिकवण. बाबांच्या कपाळाला आठी पडली. आणि त्यांनी डोळे उघडले.

चाळीस वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नसेल. त्यांनी तांबडी रेघ बघितली. डोक्यापासून पायापर्यंत, मग परत वर, त्या उघड्या हातापाशी थांबले. जणू कोणाचं पत्र वाचत होते आणि ते अजून संपायचं होतं.

"पुसू का?" सून कुजबुजली.

"आपण कागदावरचं पुसत नाही, बाळ."

बैठकीतून आत्या कोणाला तरी सांगत होती, आणि तिचं हळू बोलणं म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत. "घोरणं कसलं बोडक्याचं! हिनेच काढलं माझ्या भावाला खोलीबाहेर. मी काय आंधळी आहे? खोलीला कडी लावून रेडिओ ऐकत बसते राणीसारखी."

बाबांनी ते ऐकलं. सुनेने त्यांना ऐकताना पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर त्या तांबड्या रेघेच्या आत, कागदाच्या मधोमध जाऊन पाठीवर पडले.

"ओढ," ते म्हणाले.

*

आत्याला पहिल्यांदा हसूच आलं. कागदावर भाऊ आणि भावजय एकमेकांवर! निळी रेघ तांबडीच्या बरोबर आत.

"अगं बाई बाई! चाळीस वर्षांनी एवढं प्रेम? सहा फूट पलंग कशाला रे मग, तीन फूट पुरे!" तिने टाळीसाठी हात पुढे केला.

टाळी कोणी दिली नाही. थोरला कागदाकडे बघत उभा होता आणि त्याची शीळ बंद झाली होती. सून भिंतीला टेकली होती. आत्याला या धंद्यातलं काही कळत नसे, पण पोस्टात तीस वर्षं खिडकीपलीकडचे चेहरे बघितलेल्या बाईला चेहरे कळत होते.

"काय झालं?"

"दोघंही मधोमध आहेत," थोरला म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "आत्या, मधोमध एकटा माणूस झोपतो."

"पण बाबा घोरतात म्हणून..." एवढं बोलून थोरला स्वतःच थांबला.

"दादा, मी सात वर्षांची होईपर्यंत यांच्याच खोलीत झोपायचे," धाकटी म्हणाली. ती नर्स होती आणि तिला कुठलीही गोष्ट पट्टी ओढून काढावी तशी एकदम बोलायची खोड होती. "मी कधी घोरणं ऐकलं नाही. मला वाटायचं, मीच गाढ झोपते."

पलीकडे कारखान्याचा पत्रा उन्हाने तडतडला. भावजय दारात उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत्याला तिचा राग आला. एकोणीस वर्षांचा साठलेला.

"मी म्हणतच होते," आत्या तिच्याकडे वळली. "म्हणत होते की नाही? माझा भाऊ लाकडाच्या ढिगाऱ्यात झोपतो आणि ही इथे—"

"आक्का," बाबा म्हणाले.

"नाही, आज बोलू दे मला! किती वर्षं बघू? हिने तुला—"

"आक्का, तिने नाही काढलं मला. मी गेलो."

"का? काय केलं हिने?"

"काही नाही केलं." बाबा कागदाकडे बघत बोलत होते. "ती कधी नको म्हणाली नाही. नको मी म्हणायचो. पहिल्यापासून. माझं मनच त्यात कधी... तिच्यात काही कमी नव्हतं."

थोरला गडबडीने म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. जाऊ दे पलंग, आपण दुसरं काहीतरी—"

"गप रे," धाकटी म्हणाली. "बोलू दे त्यांना."

"झालं माझं बोलून," बाबा म्हणाले.

आत्या खुर्चीवर बसली. तिला एकदम एकेक आठवायला लागलं. सगळ्यांसमोर मारलेले टोमणे. 'राणीसरकार' म्हणून पाडलेलं नाव. एकदा बारशाला, चार बायकांत, 'हिचा स्वभावच थंड' म्हणून मोठ्याने म्हणालेली. भावजय तेव्हा वाट्या भरत होती. भरतच राहिली होती.

"तू का नाही बोललीस?" आत्या म्हणाली. ठपका ठेवायला गेली, पण आवाज फुटला. "एकदा तरी तोंड उघडायचंस माझ्यासमोर!"

"काय बोलायचं होतं, वन्सं? तुमच्या भावाला मी नकोय, असं?"

ती हे चिडून नाही म्हणाली. भाजीत मीठ आहे का विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. आत्याने पदराने तोंड पुसलं, मग नाक, मग परत तोंड. आणि उठली.

"चला रे सगळे बाहेर. काय सर्कस चाललीय का इथे? सूनबाई, त्या पेन्सिली ठेव. आणि तू," ती थोरल्याला म्हणाली, "मेल्या, पुढच्या वेळी कोणाला भेट द्यायची असेल तर आधी विचार. घड्याळ दे. टॉवेल दे."

"पण लाकूड उद्या कापायला—"

"कापशील रे! माझं डोकं कापू नकोस आज."

बाहेर जाताना ती भावजयीपाशी थांबली. असल्या वेळी बोलणं तिला येत नव्हतं, कधी शिकलीच नव्हती. तिने भावजयीच्या खांद्यावरची न पडलेली धूळ झटकली आणि पुढे गेली. दार तिनेच ओढून घेतलं.

पडवीत थोरला भिंतीकडे तोंड करून उभा होता. सून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मला कसं दिसलं नाही?" तो म्हणाला. "रोज बघतो मी त्यांना."

"आपलाही कागद परत घ्यायचा का?" तिने विचारलं. विचारून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि खूप दिवसांनी तिच्याकडे नीट बघितलं. "का गं? आपलं काय झालंय?"

"बस," ती पायरीकडे बोट करून म्हणाली. "सांगते."

*

दार लागलं आणि बाबांना कळेना की आता हात कुठे ठेवायचे.

कारखान्यात असा प्रश्न कधी पडत नसे. तिथे हातांना काम असायचं. इथे मधे कागद, पलीकडे ती, आणि एकोणीस वर्षं. या खोलीत ते बल्ब बदलायला यायचे, खिडकीची बिजागरी कुरकुरली तर यायचे. उभ्याउभ्या यायचे.

"सगळ्यांसमोर कशाला बोललात?" तिने विचारलं.

"आक्का तुला बोलत होती."

"वन्सं मला रोज बोलतात."

"मला आज पहिल्यांदा ऐकू आलं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "नाही. रोज ऐकू यायचं. सोयीचं होतं मला."

ती कागदाच्या कडेला खाली बसली. गुडघा दुखतो म्हणून एका बाजूने, भिंतीचा आधार घेऊन. त्यांना वाटलं हात द्यावा. नेहमी वाटायचं. आणि नेहमी छातीत तीच धोक्याची घंटा वाजायची. हात दिला तर ती धरेल. धरला तर तिला वाटेल, पुढे काहीतरी आहे. आणि पुढे त्यांच्याकडे काही नव्हतं. मग तोच चेहरा बघावा लागेल, आधी उजळलेला आणि मग विझलेला. तरुणपणी तो चेहरा त्यांनी इतक्या वेळा विझवला होता की शेवटी उजळूच द्यायचा नाही असं ठरवून ते माळ्यावर गेले होते. तिने एकदा विचारलं होतं, "मी इतकी नकोशी आहे का हो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी गादी वर नेली. उत्तर द्यायला लागू नये म्हणून.

"माझी आई गेली ना," ती म्हणाली, "त्या दिवशी मी इथेच बसले होते. तुम्ही पाणी आणलंत. आठवतं?"

"आठवतं."

"ग्लास खिडकीत ठेवलात. मी हात पुढे केला होता. तुम्ही खिडकीत ठेवलात."

त्यांना ते आठवत होतं. ग्लास ठेवतानाचा काचेचा आवाजसुद्धा.

"मला भीती वाटायची," ते म्हणाले.

"कसली? मी त्या दिवशी काय मागणार होते तुमच्याकडे? माझी आई मेली होती!"

ते कागदाच्या दुसऱ्या कडेला खाली बसले.

"मी खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. कागदाचा कोपरा ती बोटाने दुमडत होती, उलगडत होती. "मला हवं होतं. बाईने असं म्हणू नये म्हणतात, पण होतं. कधी कधी अजूनही वाटतं, वयाचं काय घेऊन बसलात. ते तुमच्यात नाही, हे मला केव्हाच कळलं होतं. त्याचं दुःख मी करून घेतलं, एकटीने, संपवलं पण. पूर्ण नसेल संपलं. पण तुम्ही ते एक नव्हतं म्हणून सगळंच घेऊन गेलात हो. भाजी निवडताना शेजारी बसायचात, ते. ताप आला की कपाळाला हात लावायचात, ते. बाजारात गर्दीत कोपर धरायचात. माळ्यावर गादी गेली आणि तिच्याबरोबर सगळं वर गेलं."

"मला वाटलं, थोडं देणं म्हणजे तुला फसवणं."

"मला विचारलं होतंत का, थोडं चालेल की नाही? तुम्हीच ठरवलंत. पोरांनी पलंग ठरवला तसं."

एवढं बोलून ती हसली. ते हसू त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनाही हसू फुटलं, रडण्याच्या अगदी जवळचं.

दारावर दोन बोटांची टकटक झाली. "आई? बाबा?" थोरला. आवाज असा, जणू दवाखान्यात आलाय. "घाई नाही हां. फक्त... लाकडाचं काय करू?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती 'पलंग कर' म्हणाली तर? ते खाली येतील. येतील, नाही म्हणणार नाहीत. पण रोज रात्री ती घंटा वाजत राहणार, आणि तीसुद्धा ऐकत राहणार. आणि ती 'नको' म्हणाली तर एवढं बोलून सगळं होतं तिथेच.

"पलंग नको रे," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "ही खोली माझीये. मला मधोमध झोपायला आवडतं."

बाहेर कोणीतरी, बहुतेक आत्या, खुदकन हसली.

"बरं," थोरला म्हणाला. पावलं लांब गेली.

झालं, बाबांना वाटलं. सुटलो. आणि सुटल्याबरोबर त्यांना असं एकटं वाटलं की त्यांनी जमिनीवर तळवा टेकला.

"माळ्यावर किती जागा आहे?" तिने विचारलं.

"कुठे?"

"तुमच्या माळ्यावर. एकोणीस वर्षांत मी वर आले नाही. दुपारी तुम्ही तिथे पडता ना तासभर, पेपर वाचत?"

"एकाचीच आहे जागा. दोन फूट फळी."

"मला बसायला नाही होणार?"

त्यांनी मान वर केली. ती त्यांच्याकडेच बघत होती आणि घाबरलेली होती. हे त्यांना आत्ता दिसलं. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती. त्यांना वाटायचं, भीती फक्त त्यांच्या बाजूला राहते.

"दुपारचंच," ती घाईघाईने म्हणाली. "पेपरचं एक पान मला द्यायचं. पुढे काही नाही. खरंच काही नाही. आणि तुम्हाला नको वाटलं तर सांगायचं, पण सांगायचं हां, तोंडाने, ग्लास खिडकीत ठेवायचा नाही."

"फळी टाकावी लागेल," ते म्हणाले. "आणखी एक. भिंतीला आधार देऊन."

"मग टाका."

"माप लागेल."

"घ्या की."

टेप त्यांच्या खिशात होता. रविवारीही असायचा. त्यांनी तो काढला नाही. कागद ओलांडून ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि उजवा पंजा त्यांनी पूर्ण ताणला, अंगठा आणि करंगळी लांब करून, लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं तसा. तिच्या खांद्याच्या टोकावर अंगठा टेकवला. ती हलली नाही, श्वासही घेतला नाही. पंजा तिच्या पाठीवरून मानेखाली येऊन थांबला. घंटा वाजत होती. ते थांबले, घंटा थांबण्याची वाट बघत. ती थांबली नाही, पण घंटेच्या पलीकडे बायकोच्या पाठीची ऊब लागत होती.

"एक," ती हळूच म्हणाली.

त्यांनी हात उचलून पुढची वीत मोजायला हवी होती. त्यांनी उचलला नाही.